टेबलाच्या पायाला बांधलेला दोरा

आमचे सर जमिनीवर चालतानासुद्धा कशाला तरी धरून चालायचे. भिंत असली तर भिंत, कठडा असला तर कठडा, आणि काहीच नसलं तर शेजारून जाणाऱ्या मुलाचं दप्तर. पँटच्या सगळ्या खिशांत गोदावरीतले गोटे भरलेले. ते वाकले की खडखडाट व्हायचा, एखादा गोटा घरंगळत निघायचा आणि अख्खा वर्ग बाकांखाली शिरायचा. कारण गोटा सापडून खिशात परत जाईपर्यंत सर दाराची कडी सोडायचे नाहीत. माणूस मुळात हलकाच असतो आणि निव्वळ विसरभोळेपणामुळे जमिनीवर राहतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा आठवलं की गेलाच तो वर.

हे सर आम्हाला 'उतरण' शिकवायचे.

शाळेची थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा थापा मारतोय. म्हसरूळच्या पुढे टेकडीच्या पाठीमागे एक लांबट, पत्र्याच्या छपराची इमारत होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज वाटायची. फाटकावर पाटी होती: 'कनिष्ठ महाविद्यालय. शाखा: विज्ञान, वाणिज्य व इतर.' इतर म्हणजे आम्ही. प्रवेश घेताना पालकांकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचे की पाल्य ज्या स्वरूपात परत मिळेल त्या स्वरूपात आम्ही स्वीकारू. माझ्या आईनं सही केली आणि म्हणाली, "कुठल्याही रूपात असू दे, दिवाळीला घरी पाठवा म्हणजे झालं."

ती अट काही उगाच नव्हती. पहिल्याच महिन्यात देवळालीच्या एका मुलीची तुळस झाली. रेक्टरबाईंनी तिला रोज पाणी घातलं, गणित विभागानं उलटा मंत्र शोधून काढला आणि ती परत मुलगी झाली. पण त्यानंतर सकाळच्या तासाला तिचं तोंड आपोआप पूर्वेकडे वळायचं. अभोण्याचा एक मुलगा अदृश्य होण्याच्या तासाला इतका उत्तम अदृश्य झाला की तो बारावी पास होऊन गेला की अजून मेसमध्ये जेवतोय, हे आजही सांगता येणार नाही. शाळेचा जिना तर आदल्या दिवशी ज्यानं त्याला शिवी दिली असेल त्याच्यासाठी एक पायरी कमी ठेवायचा. वाणिज्यवाले सोडून आम्ही सगळे लंगडत होतो.

पण खरा धोक्याचा विषय होता उड्डाण. वर जाणं सोपं. पहिल्या सत्रातच जमायचं, सटाण्याच्या बापूला तर गॅदरिंगच्या तालमीत चुकून जमलं. अडचण पुढची. जो माणूस मोकळा सुटतो तो वरच जात राहतो, आणि जितका वर जातो तितकं त्याला खालचं विसरायला होतं. आधी विषयशिक्षकांची नावं जातात, त्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. मग घरचा रस्ता जातो. मग स्वतःचं नाव. आणि शेवटी खाली काही असतं, हेच जातं. अशा मुलांचे फोटो मेसच्या भिंतीवर लावलेले होते. त्यांना हार घातलेले नव्हते, कारण घालावेत की नाही याबद्दल स्टाफमध्ये कायम दोन मतं असायची.

म्हणून दोरा. आणि दोरा म्हणून सर.

सर येवल्याचे. येवल्यात संक्रांतीला जे काही चालतं ते बघितलेलं नसेल तर मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. तीन दिवस गावात एकही माणूस जमिनीवर नसतो. बँकेचा मॅनेजर, पैठणीवाले, सोनार, सगळे गच्चीवर. मूल रांगायला लागायच्या आधी त्याच्या हातात आसारी देतात. आसारी म्हणजे तुम्ही ज्याला फिरकी म्हणता ती. पण सरांसमोर कुणी फिरकी म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी काय केलं, तर पतंगाची सगळी विद्या उचलून आमच्यावर लावली. मुलाच्या कमरेला येवल्याच्या रेशमाचा पक्का पीळ घातलेला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक आसारीवर, आणि आसारी सरांच्या हातात. "ढील!" म्हणाले की आम्ही वर. "खेच!" म्हणाले की आम्ही खाली. बस्स, हीच उतरण. गाठ मारताना ते कानाजवळ नेऊन ऐकायचे. गाठ काय बोलायची माहीत नाही, पण कधीकधी ते मान हलवून सोडायचे आणि नव्यानं मारायचे.

त्यांचा पहिला नियम फळ्याच्या वर ऑइलपेंटनं लिहिलेला होता: वर असताना दोऱ्याला हात लावायचा नाही. दुसरा नियम नव्हता. "पहिला पाळा, मग दुसऱ्याचं बघू," म्हणायचे.

ते स्वतः मात्र आयुष्यात एकदाही उडाले नव्हते. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला वर जावंसं वाटत नाही?"

"वाटतं की."

"मग?"

"मी वर गेलो तर आसारी कोन धरील? तू?"

मी म्हटलं, "धरीन की."

सरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खिशातला एक गोटा चाचपून पाहिला. त्या विषयावर त्यापुढे आमचं बोलणं झालं नाही.

उशिरा येणाऱ्यावर त्यांचा राग भयंकर. घंटा झाल्यावर दारात कुणीही दिसलं की तिकडे न बघताच ते म्हणायचे, "उशीर. बाहेर उभं राहा." मुलगा असो, मुलगी असो, पाणी भरणारे मामा असोत. एकदा शिक्षण खात्याचे तपासणी अधिकारी दारात आले. "उशीर. बाहेर उभं राहा." साहेब तास संपेपर्यंत बाहेर उभे राहिले आणि जाताना शेरा लिहून गेले की शिस्त चांगली आहे. एकदा एका वाघाला त्यांनी बाहेर उभं केलं होतं. तो आमच्याच वर्गातला होता, रूपांतराच्या तासाहून येत होता, पण वाघ तो वाघच. शेपूट पायात घालून उभा होता.

आता टेबलाचं सांगतो. वर्गात सरांचं जुनं सागवानी टेबल होतं आणि त्याच्या खिडकीकडच्या पायाला एक दोरा बांधलेला होता. तो खिडकीतून बाहेर जायचा आणि सरळ आभाळात. कायम ताठ. आम्हाला आधी वाटलं, अँटेनाची तार असेल. मग कळलं की तो दोराच आहे आणि वर कुठं अँटेनाबिंटेना नाही. रोज मधल्या सुट्टीत सर कँटीनमधून एक मेदूवडा आणायचे, दोऱ्याची गाठ सोडायची, दोरा दातात धरायचा, वड्याच्या भोकातून ओवायचा आणि परत गाठ मारायची. मग वड्याला एक हलकी फुंकर. वडा दोऱ्यावरून सुरसुरत वर जायचा, पत्र्याच्या कडेला जरा अडायचा आणि दिसेनासा व्हायचा. सर दोऱ्याला बोट लावून थांबायचे. थोड्या वेळानं दोरा एकदा हलायचा. की मग ते स्वतःचा डबा उघडायचे.

यावर शाळेत मतं पुष्कळ होती. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे वर एक घार पाळलीय. बापूनं त्याच्या अहिराणीत शपथेवर सांगितलं, "सरसनं डोकं फिरेल शे. दुसरं काही नही." कँटीनवाल्याला पर्वा नव्हती, त्याचा एक वडा रोज हमखास खपायचा.

याचा छडा रुखसानानं लावला. रुखसाना मालेगावची, घरी यंत्रमाग. आई घरात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. आईची एक रिकामी लाकडी कांडी रुखसाना केसांच्या अंबाड्यात खोचून असायची. सरांशी तिचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं. ती म्हणायची सूत, सर म्हणायचे रेशीम. सर म्हणायचे, "तुमच्या मालेगावचा दोरा वाऱ्यानं तुटंल." ती म्हणायची, "आणि तुमच्या येवल्याचा दोरा सर, किमतीनं तुटेल." मग दोघंही दोन दिवस खूश.

तर एका मधल्या सुट्टीत सर डबा धुवायला गेले असताना तिनं त्या दोऱ्यावर करंगळी ठेवली. नुसती ठेवली. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला बोटानं ऐकता येत असावं. ती तशीच उभी राहिली आणि सर आले तेव्हा म्हणाली, "सर, वर कोण आहे?"

मला वाटलं, आता ही बाहेर उभी राहणार. पण सर टेबलाला धरून खाली बसले.

"माझा पहिला विद्यार्थी हाय," ते म्हणाले. "नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मला लय हौस. ढील देत गेलो, देत गेलो. पोरगंबी खूश, मीबी खूश. आसारी रिकामी झाली तेव्हा भानावर आलो. इतक्या लांबनं खेचता येत नाय. दोऱ्याचंच वजन पेलत नाय दोऱ्याला. जोर लावला की पीळ उलगडतो."

"मग वडा?"

"खालची चव लागली पाहिजे ना रोज. नायतर इसरून जाईल."

रुखसानानं विचारलं, "वडा खातो?"

"हालवतो ना दोरा," सर म्हणाले, आणि रिकामा डबा पुन्हा धुवायला घेऊन गेले.

त्यानंतर त्यांच्या गोट्यांना आम्ही हसायचं कमी केलं. बंद नाही केलं.

त्या वर्षी आमच्या नव्या प्राचार्याबाई नागपुरातून आल्या होत्या. विदुषी बाई, पाच प्रकारे अदृश्य होऊ शकायच्या, पण नाशिकच्या आभाळाचा त्यांना गंध नव्हता. त्यांनी उतरणीची प्रात्यक्षिक परीक्षा बरोबर संक्रांतीला ठेवली. सर त्यांच्या खोलीत गेले आणि चौकटीला धरून म्हणाले, "म्याडम, संक्रांतीला मी रजेवर असतो."

"तुम्हीच तर परीक्षक."

"म्हणून तर सांगतोय. त्या दिवशी मी मानसात नसतो."

प्राचार्याबाईंना वाटलं, सर विनोद करताहेत. त्या हसल्या. सर विनोद करत नसत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीला आभाळ असं भरलेलं होतं की कावळे चालत जात होते. पंचवटीपासून म्हसरूळपर्यंत गच्चीगच्चीवर स्पीकर आणि ओरडा. आम्ही टेकडीवर रांगेत उभे. बापू वर गेला, खाली आला. मी वर गेलो, एका पतंगाला नाक घासून खाली आलो. सर घामाघूम होते. नजर आसारीवरून हलू देत नव्हते. आभाळाकडे बघायचंच नाही, असं ठरवून आलेले.

मग रुखसाना वर गेली. छान गेली. आम्ही तिच्याकडे बघत असताना दिंडोरी रोडच्या बाजूनं एक काळा पतंग आला. मोठा, माजलेला, मधे पांढरा चांद असलेला. तो रुखसानाच्या दोऱ्याभोवती घिरट्या घालायला लागला. एकदा घासून गेला. दुसऱ्यांदा घासून गेला. सरांनी मान वर केली.

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी जवळून बघितलंय. तिथून उतरणीचे मास्तर निघून गेले आणि येवल्यातलं दहा वर्षांचं पोर येऊन उभं राहिलं. पेच लागला होता. त्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. सरांनी आसारी मोकळी सोडली आणि गर्रकन ढील दिली, वर एक झटका मारला, आणि ओरडले, "ये की! ये!"

दोऱ्याच्या टोकाला मुलगी आहे, हे त्या एका क्षणापुरतं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

आमचं रेशीम साधं आणि समोरच्याचा मांजा काचेचा. रेशीम तुटलं. दूर कुठल्यातरी गच्चीवर "काटलाऽऽ" असा जल्लोष झाला, थाळ्या वाजल्या. रुखसाना हेलकावत, गटांगळ्या खात पंचवटीकडे निघाली आणि तिच्यामागून दोऱ्याची लांबलचक शेपटी. सर हातातल्या आसारीकडे बघत होते. खिशातले गोटे खडखड वाजत होते, आणि ते तर वाकलेलेही नव्हते.

"गाडी काढ," ते मला म्हणाले.

प्राचार्याबाईंची स्कूटी मी काढली. सर मागे, एका हातात रिकामी आसारी, दुसरा हात माझ्या मानेवर, मुरगळ अजून आहे. खाली उतरेपर्यंत आमच्यामागे गल्लीतली सगळी पोरं लागली होती, हातात काटेरी फांद्या, कारण कटलेला पतंग दिसला की पळायचं एवढंच त्यांना ठाऊक. "मोठाय रे, मोठाय! ढाल पतंग दिसतोय!" मागून बापू पळत होता आणि ओरडत होता, "पतंग नही रे, पोर शे ती!" कुणी ऐकत नव्हतं. रुखसाना प्रत्येक चौकाला थोडी थोडी वर सरकत होती. मी मान वर करून हाक मारली, "रुखसाना! उतरणीचे सर कुठले?" ती वरून ओरडली, "येवल्याचेऽऽ!" जिवात जीव आला. पेठ रोडच्या सिग्नलला परत विचारलं. उत्तर यायला जरा वेळ लागला. "...कुठले तरीऽऽ!"

सरांचा हात मानेवरून माझ्या कॉलरवर आला. "दाब अजून," ते म्हणाले.

दोऱ्याची शेपटी एका चारमजली इमारतीच्या गच्चीवरून सरपटत चालली होती. तिथं एक काकू तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. डोळ्यांसमोरून दोरा चाललाय म्हटल्यावर त्यांनी ताट खाली ठेवलं, दोरा पकडला आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोन वेढे देऊन बांधून टाकला. हे आम्ही खालून बघितलं. सर जिने कसे चढले विचारू नका. कठडा न धरता चढले.

"सोडा तो," सर धापा टाकत म्हणाले. "माझी विद्यार्थिनी हाय."

काकूंनी आधी वर बघितलं. रुखसाना टाकीच्या बरीच वर, दोरा ताणून डुलत होती. मग त्यांनी सरांच्या हातातली आसारी बघितली. काकूंना नवल वाटलेलं दिसलं नाही. पंचवटीत राहून राहून माणूस पुष्कळ बघतो.

"तुमच्या हातातून सुटली का?"

"हो."

"कशी?"

सर आसारीवरची धूळ पुसायला लागले. मी म्हणालो, "पेच लागला होता काकू."

"म्हणजे पोरीला घेऊन पेच खेळत होते हे?" काकू सरांपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि आता म्हणे माझी! अहो, कटला की ज्याच्या हाती येईल त्याचा. येवढ्या मोठ्या माणसाला हे मी सांगायचं?"

येवल्याच्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. सरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. तुमची ती. पन तेवढी खाली तर घेऊ."

काकू बाजूला झाल्या. सरांनी दोरा धरला आणि हलकेच खेचला. पाइपाच्या वर, हातभर अंतरावर, मांजानं आधीच खरवडलेल्या जागी, दोऱ्याचा एक पदर तट्‌ करून तुटला. सरांनी हात थांबवला. पुन्हा खेचायचं धाडस होईना, सोडायचं तर त्याहून होईना. एक पदर शिल्लक होता आणि वारा वाढत होता. आयुष्यात त्यांना येत होतं ते एवढंच, खेचणं.

"तिलाच विचारा की," काकू म्हणाल्या. "आपण खाली भांडतोय, वर काय चाललंय ते तिला माहीत."

सरांनी वर बघून हाक मारली. "रुखसानाबाई!"

"सर!" वरून आलं. "हात मत लगाओ! तुम्ही ओढू नका. मीच येते!"

"कशी येशील? दोऱ्याला हात लावायचा नाय वर!"

"लावणार!" ती म्हणाली. आणि सरांचा पहिला, एकुलता एक, ऑइलपेंटनं लिहिलेला नियम मोडून तिनं अंबाड्यातली कांडी काढली. केस वाऱ्यावर उडाले. कमरेपासचा दोरा तिनं कांडीवर घेतला आणि भरायला लागली. घरी आई भरते तशी, घाई नाही, झटका नाही, मनगट गोल फिरतंय. एकेक वेढा पडेल तशी ती खाली येत होती. दोरा जागचा हलत नव्हता. तीच दोऱ्यावरून येत होती. त्या एका पदरावर कसला ताणच पडत नव्हता.

टाकीवर पाय टेकल्यावर ती धप्पकन बसली. काकूंनी काही न विचारता तिच्या तोंडात तिळगूळ कोंबला.

"अम्मी म्हणते," ती तोंडातला तिळगूळ गालात सारत सरांना म्हणाली, "ताण आला की धाग्याला ओढायचं नाही. आपणच धाग्याकडे जायचं."

सर तिच्या हातातल्या कांडीकडे बघत होते. मग त्यांनी आसारी काकूंच्या ताटाशेजारी ठेवली, आणि ती तिथंच राहिली. काकूंनी पुढे तिच्यावर लोकर गुंडाळली असं ऐकून आहे.

पण मुलगी द्यायला काकू तयार नव्हत्या. कटलेली आपल्या हाती आलेली, ती आपलीच. शेवटी तोड निघाली: रुखसाना दर रविवारी काकूंकडे जेवायला येईल. ती बारावी होईपर्यंत जात राहिली. आम्हीही गेलो. काकूंच्या हातची शेवभाजी खाल्ल्यावर मला वाटायचं, आपणही थोडे कटलो असतो तर बरं झालं असतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली. मधल्या सुट्टीत सर वडा घेऊन टेबलाशी आले आणि नुसतेच उभे राहिले. रुखसाना आली. तिनं कांडी रिकामी करून आणली होती. आईची कांडी, मधून पोकळ, कडेनं हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

"आज वड्याच्या जागी ही," ती म्हणाली.

"समजंल त्याला?" सरांनी विचारलं. इतकी वर्षं नियम शिकवलेला माणूस; त्या पोरालाही दोऱ्याला हात लावायचा नाही, हेच पहिलं सांगून वर पाठवलेलं.

"दोरा आहे, रिकामी कांडी आहे. अजून काय समजायचंय, सर?"

सरांनी गाठ सोडली, दोरा दातात धरला, कांडी ओवली, गाठ मारली. गाठ कानाशी नेऊन ऐकली. मग फुंकर घातली. कांडी वर गेली. सर दोऱ्याला बोट लावून बसले. दोरा हलला नाही. घंटा झाली. हलला नाही. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही, आणि वडा तसाच टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी बापू मला कुजबुजला, "इसरी गया व्हई तो." रुखसानानं त्याच्याकडे असं बघितलं की शाळेच्या जिन्यानंसुद्धा तशी वागणूक दिली नसती.

त्यानंतर कधीतरी, तास चालू असताना, टेबल हललं.

खिडकीकडचा पाय जमिनीपासून जरासा उचलला गेला आणि खाली टेकला. परत उचलला. कुणीतरी वर मनगट फिरवत होतं. सरांच्या हातातला खडू पडला. ते धावले आणि चक्क टेबलावर चढून बसले, मांडी घालून, दोन्ही हातांनी कड धरून. टेबल तरी वर उठतच होतं. "बसा!" सर ओरडले. "सगळे बसा इथं!" आम्ही सगळे त्या टेबलावर बसलो. आख्खा वर्ग, दप्तरांसकट. पूर्वेकडे तोंड असलेली ती देवळालीची, बापू, वाघ झालेला तो, आणि माझ्या मांडीवर कुणीतरी बसलेलं मला स्पष्ट जाणवत होतं आणि दिसत नव्हतं, म्हणजे अभोण्याचाही आला असणार. सरांनी खिशातले गोटे काढून कडेला ओळीनं मांडले. आम्ही एकमेकांना धरून बसून राहिलो आणि दोरा हळूहळू, वेढ्यावेढ्यानं, आखूड होत राहिला.

मग टेबल शांत झालं.

बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. अडखळत, पायांना जमिनीची सवय राहिली नसल्यासारखी. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीला टेकलेला, दाढीत धुकं अडकलेलं, अंगात आमच्याच शाळेचा गणवेश, बाह्या कोपरापर्यंत वर गेलेल्या. कमरेला दोरा. हातात भरलेली कांडी, इतकी गच्च भरलेली की नारळाएवढी दिसत होती.

"आत येऊ का, सर?"

सर टेबलावर, आमच्या ढिगाच्या मधोमध, दाराकडे पाठ करून बसलेले. ते वळले नाहीत. त्यांच्या पाठीला माझी पाठ लागलेली होती, त्यामुळे ती कशी हलत होती ते मला कळत होतं.

"उशीर," सर म्हणाले. "बाहेर उभं राहा."

"हो सर," तो म्हणाला. दोन पावलं मागे गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मग जरा वेळानं, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाला, "सर, वड्याबरोबर चटणी कधीच नाही आली."

सर टेबलावरून उतरले. गोटे तसेच टेबलावर सोडले. कशालाही न धरता वर्ग ओलांडून दारापर्यंत गेले, बाहेर पडले आणि त्याच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

घंटा झाली, तरी दोघांपैकी कुणी आत आलं नाही.